परजीवींच्या पेशीबाह्य पुटिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवताप, काळा आजार, निद्रारोग किंवा पोटातले जंत, यांपैकी कशावरही लिहिलं की मागोमाग पुटिकांबद्दलचे प्रश्न येतात. विचारणाऱ्यांत जीवशास्त्राचे विद्यार्थी असतात, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणारे असतात आणि घरात कुणी आजारी पडल्यावर रात्री जागून मोबाइल चाळणारेही असतात. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेशीबाह्य पुटिका म्हणजे नेमकं काय?

पेशीने स्वतःच्याच पटलात बांधून बाहेर सोडलेली एक बंद पुडी. वेष्टन पेशीसारखंच, स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचं. आत पेशीतला थोडासा द्रव आणि त्यात प्रथिनं, आरएनएचे लहान तुकडे, कधी कधी डीएनए. या पुडीला केंद्रक नसतं, ती वाढत नाही, तिची पिल्लं होत नाहीत. जीवाणू, वनस्पती, माणूस, परजीवी, ज्यांची ज्यांची तपासणी झाली त्या जवळपास सगळ्यांच्या पेशी अशा पुड्या सोडताना सापडल्या आहेत. लॅबमध्ये सगळे नुसतं ‘ईव्ही’ म्हणतात. मी इथे पुटिका म्हणते.

२. एक्सोसोम, मायक्रोव्हेसिकल, एक्टोसोम ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत का?

नाही, फरक जन्माच्या जागेचा आहे. एक्सोसोम पेशीच्या आत तयार होतात. पेशीत एक मोठी पिशवी असते, तिचं पटल आत दुमडत जातं आणि तिच्या पोटात बारक्या पुटिका जमतात. ही पिशवी पेशीच्या बाहेरच्या पटलाला जाऊन मिळाली की पोटातलं सगळं बाहेर सांडतं. हे साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे. मायक्रोव्हेसिकल, म्हणजेच एक्टोसोम, बाहेरच्या पटलालाच फुगवटा येऊन तुटतात आणि १०० ते १,००० नॅनोमीटरपर्यंत असतात. मरणाऱ्या पेशीचे तुकडे याहूनही मोठे असू शकतात.

आकडे एकमेकांत शिरतात हे तुमच्या लक्षात आलंच असेल. १२० नॅनोमीटरची पुटिका हाती आली तर ती कुठल्या वाटेने बाहेर पडली हे तिच्याकडे बघून कळत नाही. म्हणून पुटिकांवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४, २०१८ आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत या नावांबद्दल सावध केलं आहे. उगम दाखवता येत नसेल तर ‘एक्सोसोम’ म्हणू नका, ‘लहान पुटिका’ म्हणा. जुन्या शोधनिबंधांत मात्र हा शब्द फार सैल हाताने वापरला आहे, वाचताना ते धरून चाला.

३. रक्ताच्या काचपट्टीवर या दिसतात का? आमच्या लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकातून मलेरियाचा परजीवी तर दिसतो.

परजीवी दिसतो, पुटिका दिसत नाहीत. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं ओळखता येत नाही. तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, म्हणजे १०० नॅनोमीटरच्या पुटिका एका ओळीत मांडल्या तर तिच्या रुंदीत सत्तरेक बसतील. त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. पुस्तकांतल्या जुन्या चित्रांत त्या वाटीसारख्या खोलगट दिसतात, तो नमुना वाळवल्याचा परिणाम. झटकन गोठवून पाहिलं की त्या गोल असतात.

४. हा पेशीचा कचराच ना? त्याला एवढं महत्त्व कशाला?

पहिल्यांदा सगळ्यांना तसंच वाटलं होतं. १९६७ साली पीटर वुल्फ यांना बिंबिकांपासून, म्हणजे प्लेटलेटपासून, सुटणारे बारीक कण दिसले आणि त्यांनी त्याला चक्क ‘धूळ’ म्हटलं. १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की कोवळी तांबडी पेशी पक्व होताना तिला नको झालेलं लोहवाहक प्रथिनाचं ग्राहक (त्याला पकडणारं पटलावरचं प्रथिन) पुटिकांत भरून बाहेर टाकते. त्या दोन गटांपैकी एकाच्या रोझ जॉनस्टोन यांनी १९८७ मध्ये या पुटिकांना एक्सोसोम हे नाव दिलं. इथवर गोष्ट कचऱ्याचीच होती.

१९९६ मध्ये प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींनी सोडलेल्या पुटिका टी-पेशींना जागं करतात हे दिसलं. २००७ मध्ये आणखी मोठा धक्का बसला. एका पेशीच्या पुटिकेतला संदेशवाहक आरएनए दुसऱ्या पेशीत पोहोचून तिथे त्याचं प्रथिन तयार झालं. तेव्हापासून ‘कचरा’ हा शब्द मागे पडला. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे. पेशी नको असलेलंही बाहेर टाकते आणि निरोपही धाडते, आणि कुठली पुडी कशासाठी निघाली हे ठरवताना अजूनही भल्याभल्यांची फसगत होते.

५. परजीवी पुटिका सोडतो त्यात त्याचा फायदा काय?

परजीवीचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या घरात जातं. घरमालकाच्या पेशींचं वागणं बदलता आलं तर तगायचं, नाही तर संपायचं. नुसतं प्रथिन रक्तात सोडलं तर ते विरळ होतं आणि वाटेत एन्झाइम त्याचे तुकडे करतात. आरएनएचं तर विचारूच नका, रक्तात उघडा पडलेला आरएनए पाहता पाहता नाहीसा होतो. पुटिकेत बांधलेला माल सुरक्षित राहतो, एकत्र पोहोचतो आणि थेट पेशीच्या आत उतरतो.

तरी ‘परजीवीने ठरवून पाठवलं’ अशी वाक्यं मी टाळते. पेशी ठरवत नाही. ज्यांच्या पुटिकांचा यजमानावर सोयीचा परिणाम झाला ते परजीवी पिढ्यान्पिढ्या टिकले, एवढंच.

६. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत दडलेला असतो. मग पुटिका त्याच्या की तांबड्या पेशीच्या?

सगळ्यांत चांगला प्रश्न हाच, आणि या विषयातले निम्मे घोळ इथूनच सुरू होतात.

माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं आणि प्रश्न २ मधली एक्सोसोम बनवणारी पिशवीही नसते. आत शिरलेल्या प्लास्मोडियमभोवती, म्हणजे मलेरियाच्या परजीवीभोवती, तर आणखी एक पटल असतं. त्याची वस्तू बाहेर जायची तर तिला स्वतःचं पटल, मग हे भोवतालचं पटल, मग तांबड्या पेशीचा आतला भाग आणि शेवटी तिचं पटल असा सगळा प्रवास करावा लागतो. परजीवी त्यासाठी यजमान पेशीत स्वतःची वाहतूक-व्यवस्था उभारतो. तिच्यातले चपटे थर ‘मॉरर क्लेफ्ट’ म्हणून ओळखले जातात. बाधित तांबड्या पेशींतून सुटलेल्या पुटिकांत या थरांतली प्रथिनं सापडतात.

म्हणजे वेष्टन बरंचसं माणसाचं आणि आतल्या मालात माणसाचंही आणि परजीवीचंही. ‘मलेरियाच्या परजीवीचे एक्सोसोम’ हा शब्दप्रयोग त्यामुळे मला खटकतो. ‘बाधित तांबड्या पेशीच्या पुटिका’ म्हटलं की निदान खोटं बोलल्यासारखं होत नाही. उघड्यावर वावरणाऱ्या परजीवींची गोष्ट वेगळी (प्रश्न १०). तिथे पुटिका सरळ त्यांच्याच.

७. परजीवी पुटिकांतून एकमेकांशी ‘बोलतात’ असं वाचलं. हे खरं की बातमीदारांचा मसाला?

मूळ प्रयोग भक्कम आहे. २०१३ मध्ये मेलबर्नच्या एका गटाने प्लास्मोडियम फाल्सिपारमचे दोन वाण घेतले. प्रत्येकात वेगळ्या औषधाला दाद न देणारं जनुक बाहेरून बसवलेलं होतं. दोन्ही वाण एकत्र वाढवून दोन्ही औषधं टाकली तर खरं म्हणजे सगळे मरायला हवेत. काही जगले, कारण जनुक असलेला डीएनए पुटिकांमधून इकडून तिकडे पोहोचला होता. त्याच वर्षी हार्वर्डच्या गटानेही बाधित पेशींच्या पुटिकांचा परिणाम स्वतंत्रपणे दाखवला. पुटिका वाढवल्या की लैंगिक अवस्थेकडे वळणारे परजीवी वाढले. ही अवस्था महत्त्वाची, कारण डासाला परजीवीची लागण होते ती फक्त तिच्यातूनच.

आता मसाल्याबद्दल. हे सगळं बशीतल्या वाढीत झालं, तिथे पेशी दाटीवाटीने असतात. शिवाय लैंगिक अवस्थेकडे वळायला इतर कारणंही आहेत. २०१७ मध्ये दिसलं की लायसोफॉस्फॅटिडिलकोलिन हा रक्तातला स्निग्ध पदार्थ कमी झाला की परजीवी तिकडे वळतात. तेव्हा पुटिका हे एकमेव बटण असल्यासारखं लिहिलेलं वाचलंत तर पुढे वाचताना जरा हात आखडता ठेवा.

८. मेंदूच्या मलेरियाशी पुटिकांचा संबंध आहे का?

संबंध आहे, पण त्यातल्या बऱ्याच पुटिका रुग्णाच्या स्वतःच्या. २००४ मध्ये मलावीतल्या मुलांच्या रक्तात हे पाहिलं गेलं. फाल्सिपारम मलेरियाने बेशुद्धीत गेलेल्या मुलांत रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरापासून सुटलेल्या पुटिका वाढलेल्या होत्या. धूर आधी की आग आधी हे यावरून ठरत नाही. पुढच्याच वर्षी उंदरांतला पुरावा आला. पटलातल्या स्निग्धांची उलटापालट करणारं एबीसीए१ हे प्रथिन नसलेल्या उंदरांत पुटिका कमी सुटतात, आणि ते उंदीर मेंदूच्या मलेरियातून बचावले.

व्हायवॅक्स मलेरियातही एक गंमत आहे. या प्रकारात रक्तात परजीवी मोजके दिसतात, तरी माणूस आडवा होतो. २०२० मध्ये रुग्णांच्या रक्तातल्या पुटिका प्लीहेतल्या तंतुपेशींवर टाकून पाहिल्या. त्या पेशींनी पृष्ठभागावर आयसीएएम-१ हे चिकट प्रथिन वाढवलं, आणि बाधित तांबड्या पेशी त्यांना जास्त चिकटायला लागल्या. परजीवी प्लीहेत दडून बसतात असा संशय होताच, त्याला हा एक धागा मिळाला.

९. काळ्या आजारात पुटिका काय करतात?

इथे गोष्ट माशीच्या पोटातच सुरू होते. काळ्या आजाराचा परजीवी लेश्मानिया वाळूमाशीच्या आतड्यात असतानाच पुटिका सोडतो. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की माशी चावते तेव्हा परजीवींबरोबर या पुटिकाही कातडीत ओतल्या जातात. उंदरांना परजीवी पुटिकांसकट टोचले तर जखम नुसत्या परजीवींपेक्षा मोठी होते. म्हणजे पहिला परजीवी पेशीत शिरायच्या आधीच जमीन नांगरून तयार.

या पुटिकांतला ठळक माल म्हणजे जीपी६३, प्रथिनं कापणारं एन्झाइम. ते मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीत, जातं, आणि लेश्मानिया राहतो तोही मॅक्रोफेजमध्येच. तिथे ते धोक्याची वर्दी पुढे नेणाऱ्या प्रथिनांना कात्री लावतं.

यातला माझा आवडता शोध २०१३ चा, कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेतला. लेश्मानिया डोनोव्हानी यकृताच्या मुख्य पेशींत राहतच नाही, तरी त्या पेशींचं काम बिघडतं. का? परजीवीकडून पुटिकांवाटे आलेलं जीपी६३ यकृतपेशीतलं डायसर हे प्रथिन कापतं. डायसर नसेल तर मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांचं काम आवरणारे लहान आरएनए, घडत नाहीत. यकृतातला एमआयआर-१२२ हा मायक्रोआरएनए कमी होतो आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. उंदरांत एमआयआर-१२२ परत वाढवला तर कोलेस्टेरॉल वर गेलं आणि यकृतातले परजीवी घटले. काळ्या आजाराच्या रुग्णांत कोलेस्टेरॉल कमी असतं हे डॉक्टरांना ठाऊक होतं, त्यामागची एक साखळी इथे कडी कडी जोडून दाखवली गेली.

१०. निद्रारोगाचा परजीवी पेशीत शिरत नाही. मग रुग्णाला रक्तक्षय का होतो?

ट्रिपॅनोसोमा ब्रुसी रक्तात मोकळा पोहतो. २०१६ मध्ये दिसलं की त्याच्या शेपटीच्या पटलापासून अगदी बारीक नळ्या बाहेर येतात. मग या नळ्या माळ तुटून मणी ओघळावेत तशा तुटतात आणि त्याच्या पुटिका होतात. या पुटिका तांबड्या पेशींच्या पटलात मिसळून जातात. पटलाचा स्वभाव बदलला की शरीर त्या पेशींना जुन्या-खराब समजून रक्तातून काढून टाकतं. परजीवीने पेशीला हातही लावला नाही, पण पेशी गेली. रक्तक्षयाची इतर कारणंही असतातच, त्यांच्यात हे एक.

त्याच अभ्यासात आणखी एक बाब दिसली. माणसाच्या रक्तात ट्रिपॅनोसोम मारणारा एक नैसर्गिक घटक असतो. त्याला निष्प्रभ करणारं एसआरए प्रथिन ज्या वाणात असतं, त्याच्या पुटिका ते नसलेल्या वाणापर्यंत पोहोचवतात, आणि त्यालाही काही काळ कवच मिळतं.

११. चागास आजार, ट्रायकोमोनास यांचं काय?

थोडक्यात सांगते. चागासच्या ट्रिपॅनोसोमा क्रूझीच्या पुटिका उंदरांना आधी दिल्या आणि मग लागण केली, तेव्हा हृदयातला दाह जास्त तीव्र झाला (२००९). ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या परजीवीत घट्ट चिकटणाऱ्या वाणाच्या पुटिका दिल्यावर एरवी कमी चिकटणारा वाणही पेशींना जास्त चिकटू लागला (२०१३).

१२. जंत तर वीतभर लांब असतात. त्यांचा एवढ्या बारीक पुटिकांशी काय संबंध?

जंत मोठा असला तरी पेशींचाच बनलेला. त्याच्या आतड्याच्या अस्तरातून, पर्णकृमी, म्हणजे पानासारखा चपटा कृमी, असेल तर बाहेरच्या आवरणातूनही पुटिका निघतात. पर्णकृमींच्या पुटिका २०१२ मध्ये नीट वर्णन झाल्या. सर्वांत गाजलेलं काम २०१४ चं, एडिनबरोचं. उंदराच्या आतड्यात राहणाऱ्या हेलिग्मोसोमॉइड्स या गोलकृमीच्या पुटिकांत मायक्रोआरएनए सापडले. या पुटिका उंदराच्या पेशींत शिरून तिथल्या जनुकांचा आवाज खाली आणतात. ॲलर्जी पेटवणारी बुरशी हुंगवलेल्या उंदरांना या पुटिका दिल्या तर दाह कमी झाला.

एका जातीच्या प्राण्याने दुसऱ्या जातीच्या प्राण्यातली जनुकं आरएनए पाठवून दाबायची, हे वाचून मी तेव्हा पान उलटं फिरवून पद्धतीचा भाग दोनदा वाचला होता. त्याच अभ्यासात त्या पुटिकांत कृमीचं स्वतःचं अर्गोनॉट प्रथिनही सापडलं. मायक्रोआरएनएसारख्या लहान आरएनएंना हाताशी धरून काम करणारं हे प्रथिन. म्हणजे औजारही सोबतच पाठवलेलं.

१३. यकृतातल्या पर्णकृमीमुळे कर्करोग होतो तो पुटिकांमुळेच का?

‘मुळेच’ नको. ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी या पर्णकृमीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्ये माणसात कर्करोग घडवणारा म्हणून पहिल्या गटात घातलं. तो पित्तनलिकेत वर्षानुवर्षं राहतो, सतत इजा आणि दाह चालू असतो, आहारातले इतर घटकही भर घालतात. या चित्रात पुटिकांची जागा अशी: २०१५ मध्ये दिसलं की पित्तनलिकेच्या पेशी कृमीच्या पुटिका गिळतात आणि त्यानंतर भराभर वाढू लागतात. पुटिकेवरच्या टेट्रास्पॅनिन प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं आधी टाकली तर गिळणं कमी होतं. याचा उपयोग प्रश्न १७ मध्ये.

१४. फक्त पुटिकांमधून मला आजार लागू शकतो का?

नाही. पुटिकेतून परजीवी उगवत नाही, कारण त्याची सगळी जनुकं आणि यंत्रणा तिच्यात नसते. मलेरियाला डास किंवा बाधित रक्त लागतं, काळ्या आजाराला वाळूमाशी.

याला एक तिरपा अपवाद आहे, पण तो तुम्हाला नव्हे, परजीवीलाच लागू पडतो. काही लेश्मानियांच्या पोटात स्वतःचा एक विषाणू असतो. २०१९ मध्ये दिसलं की तो लेश्मानियाच्या पुटिकांत बसून बाहेर पडतो आणि दुसऱ्या लेश्मानियात शिरतो. परजीवीलाच लागण! माणसासाठी एवढंच महत्त्वाचं की हा विषाणू असलेल्या प्रकारात नाका-तोंडाचे व्रण जास्त बिकट होऊ शकतात.

१५. औषधाला दाद न देण्याची ताकद पुटिकांमधून पसरते का?

बशीत पसरते. मलेरियाचा प्रयोग प्रश्न ७ मध्ये आहे, पण तिथलं जनुक माणसाने बसवलेलं होतं. लेश्मानियात २०२२ मध्ये औषधरोधक परजीवींची स्वतःची जनुकं पुटिकांतून इतर परजीवींत गेल्याचं दिसलं, म्हणजे पुरावा एक पायरी पुढे गेला. रुग्णांमध्ये मात्र औषधरोध वाढण्याची मुख्य वाट जुनीच आहे. उत्परिवर्तन होतं आणि अर्धवट किंवा चुकीच्या औषधोपचारात तेच वाण तगतात. तेव्हा गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. पुटिकांची काळजी आम्ही करतो.

१६. पुटिका सुटणंच थांबवणारं औषध नाही का?

त्या एका कामासाठी मान्य झालेलं नाही. पण जुन्या औषधातच याची झलक मिळाली. हत्तीरोगावर दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन रुग्णाच्या रक्तातल्या सूक्ष्म अळ्या भराभर कमी करतं, पण त्याच मात्रेत बशीतल्या अळ्या मजेत वळवळत राहतात. हे कोडं जुनं. २०१८ मध्ये दिसलं की आयव्हरमेक्टिन ब्रुगिया मलायी या हत्तीरोगाच्या कृमीचं पुटिका सोडणं कमी करतं. एक तर्क असा की अळ्या औषधाने मरत नाहीत, त्यांचं पांघरूण जातं, आणि मग शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना टिपते. मला हा तर्क पटतो, पण तो अजून तर्कच आहे.

माणसाच्या पेशीही त्याच यंत्रणेने पुटिका सोडतात, त्यामुळे सरसकट बंदी घालणारं औषध आपल्यालाही महागात पडेल.

१७. पुटिकांपासून लस बनते का?

जीवाणूंच्या बाबतीत बनली आहे. मेनिंगोकॉकस-बी विरुद्धच्या, युरोपात २०१३ मध्ये मंजूर झालेल्या एका लशीत त्या जीवाणूच्या बाह्यपटलाच्या पुटिका आहेत. परजीवींच्या बाबतीत अजून प्राण्यांपर्यंतच मजल आहे. २०११ मध्ये प्लास्मोडियम योएली या उंदरांच्या मलेरियाच्या परजीवीची बाधा झालेल्या उंदरांच्या कोवळ्या तांबड्या पेशींच्या पुटिका टोचल्यावर बरेच उंदीर वाचले. हेलिग्मोसोमॉइड्सच्या पुटिका टोचलेल्या उंदरांत कृमी कमी झाले (२०१७). पर्णकृमीच्या टेट्रास्पॅनिनवरही काम चालू आहे. मलेरियाच्या ज्या दोन लशींची शिफारस झाली आहे, आरटीएस,एस २०२१ मध्ये आणि आर२१ २०२३ मध्ये, त्या दोन्ही पुटिकांच्या नाहीत.

अडचण कारखान्याची आहे. लाखो मात्रा एकसारख्या बनवायच्या तर दर वेळी त्याच मालाची पुडी हवी, आणि परजीवी पुड्या बांधताना कधी हे घालतो, कधी ते.

१८. ‘एक्सोसोम टेस्ट’ करून मलेरिया किंवा काळा आजार कळतो का? एका ठिकाणी सांगितलं म्हणून विचारते आहे.

नेहमीच्या निदानासाठी अशी मान्य तपासणी नाही. मलेरियाला काचपट्टी किंवा एचआरपी२, एलडीएच ही प्रथिनं पकडणारी झटपट पट्टी, काळ्या आजाराला आरके३९ची पट्टी आणि गरज पडली तर ऊतीचा नमुना. यांवर भरवसा ठेवा. पुटिकांतून निदानाची कल्पना चांगली आहे, विशेषतः परजीवी रक्तात न दिसता अवयवांत दडलेला असेल तिथे. पण एका थेंब रक्तात तुमच्याच पेशींच्या पुटिकांची इतकी गर्दी असते की परजीवीची पुटिका शोधणं म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर शोधणं.

१९. जंतांच्या पुटिका दाह कमी करतात, मग आतड्याच्या आजारावर एक्सोसोमची इंजेक्शनं घेऊ का?

घेऊ नका. उंदरांत एका कृमीच्या पुटिकांनी आतड्याचा दाह कमी झाला हे खरं (२०१८). पण बाजारात विकली जाणारी एक्सोसोमची बाटली म्हणजे जंतांच्या पुटिका नव्हेत, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एकाही एक्सोसोम उत्पादनाला उपचार म्हणून मान्यता दिलेली नाही. उलट अशा उत्पादनांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर त्यांनी २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

२०. पुटिका वेगळ्या कशा करतात? प्रकल्पासाठी हवं आहे.

नेहमीची वाट पायऱ्यापायऱ्यांच्या सेंट्रिफ्यूजची. ३०० जी जोराला (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट) पेशी खाली बसतात, २,००० ला मोठे तुकडे, १०,००० ला मोठ्या पुटिका, १,००,००० ला लहान. शेवटच्या फिरकीनंतर नळीच्या तळाशी बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. म्हणून नळी आत ठेवतानाच बाहेरच्या बाजूने मार्करने खूण करायची आणि नंतर त्या खुणेपाशी पिपेट फिरवायची, श्रद्धेने. याहून स्वच्छ नमुना हवा असेल तर आकारानुसार वेगळं करणारा स्तंभ वापरतात, कारण रक्तद्रवातले लायपोप्रोटीनचे कण पुटिकांच्या कैक पटींनी जास्त असतात आणि सोबत येतात.

माझी फजिती सांगते, तुमची टळेल. लेश्मानिया वाढवायच्या द्रवात वासराचा सीरम घालतात. माझ्या नमुन्यात इतक्या देखण्या, गोल, भरपूर पुटिका आल्या की मी चित्रं भिंतीवर लावली. तीन महिन्यांनी कुणीतरी साधा प्रश्न विचारला, ‘परजीवी न टाकता नुसत्या द्रवाचं काय आलं?’ तसं केलं, तर जवळजवळ तेवढ्याच पुटिका. सगळ्या वासराच्या! तेव्हापासून सीरममधल्या पुटिका आधी काढून टाकल्याशिवाय आणि रिकाम्या द्रवाची नळी शेजारी फिरवल्याशिवाय मी नमुना घेत नाही. दुसऱ्याचा शोधनिबंध वाचतानाही आधी ती रिकामी नळी शोधते.

२१. पुटिकांमुळे परजीवीचं नुकसानही होतं का?

होतं, दोन्ही बाजूंनी. २०१७ मध्ये दिसलं की बाधित तांबड्या पेशींच्या पुटिकांतला परजीवीचा डीएनए रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींत पोहोचतो, आणि तिथली स्टिंग नावाची धोक्याची घंटा वाजते. पुडीतून चुकून आपलाच पत्ता गेल्यासारखं. ही घंटा शेवटी रुग्णाला तारते की परजीवीला सोयीची पडते, यावर वाद आहे.

दुसरी बाजू आपल्या पुटिकांची. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी आतड्यात शिरला की अस्तराच्या पेशी आतड्याच्या पोकळीत जास्त पुटिका सोडतात, त्यांत जंतुनाशक पेप्टाइड असतात आणि ती परजीवीला चिकटून त्याची लागण करण्याची क्षमता कमी करतात (२०१३). पुडीचं तंत्र दोघांनाही येतं.

२२. ट्रिपॅनोसोमवर शोधलं तर ‘एक्सोसोम आरएनए तोडतो’ असं येतं. मग तो पुटिका कसा?

तो पुटिका नाहीच. आरएनए कुरतडणाऱ्या प्रथिनांच्या एका जुडग्यालाही १९९७ मध्ये एक्सोसोम हेच नाव पडलं. ते पेशीच्या आत असतं, त्याला पटल नसतं, आणि ट्रिपॅनोसोममध्ये त्याचा बराच अभ्यास झाला आहे. शोधताना ‘पुटिका’ किंवा ‘ईव्ही’ हा शब्द जोडा, म्हणजे निम्मे चुकीचे निकाल गळून पडतील.